भाकरीचे सोबती

मिरज हे गाव दोन गोष्टींकरिता दूरवर प्रसिद्ध आहे. एक सतार-तंबोऱ्यांकरिता आणि दुसरी दवाखान्यांकरिता. दुसऱ्या कीर्तीचा आरंभ डॉ. विल्यम वानलेस यांच्यापासून झाला. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे हे डॉक्टर १८८९ साली हिंदुस्थानात आले आणि १८९४ साली त्यांचे रुग्णालय मिरजेस उघडले. तेव्हापासून विजापूर, बेळगाव, सोलापूर, कोकण अशा चहूंकडच्या मुलखांतून रोगी मिरजेची वाट धरू लागले. १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही येथेच निघाले, आणि आगगाडीच्या जंक्शनाइतकेच हे गाव दुखण्यांचेही जंक्शन बनले.

रोगी येई तो एकटा नव्हे. त्याच्याबरोबर घरची माणसे येत आणि माणसांबरोबर भाकरीचे गाठोडे येई. उशाशी औषधाची बाटली आणि पायथ्याशी फडक्यात बांधलेल्या भाकरी, हे दृश्य या गावास नवे नाही. डॉक्टरांची दृष्टी साहजिकच बाटलीकडे असते. गाठोडे सोडून आत काय बांधले आहे हे पाहण्याची फुरसत त्यांस क्वचितच मिळते. वस्तुतः रोगी ज्या घरातून उठून आला त्या घराची बरीचशी हकीकत त्या फडक्यात असते. भाकरी तर सर्वांचीच असते; परंतु तिच्या सोबतीला मटकीची उसळ आहे, मेथीची परतलेली भाजी आहे, शेंगदाण्याची चटणी आहे, की नुसता मिरचीचा ठेचा आणि मीठ आहे, यावरून त्या घरच्या प्रकृतीविषयी पुष्कळसे अनुमान बांधता येते.

मिरजेकडील भाकरी म्हणजे मुख्यतः शाळूची. मिरज ज्या जिल्ह्यात आहे तो १९४९ साली दक्षिण सातारा या नावाने अस्तित्वात आला आणि १९६० साली सांगली झाला. त्याचे मुळी दोन तुकडे पडतात. पश्चिमेस कृष्णा आणि वारणा यांच्या काठचा ओलिताचा व उसाचा प्रदेश. पूर्वेस जत, कवठेमहांकाळ, आटपाडी हा अवर्षणाचा माळ. या पूर्वेकडच्या काळ्या रानात पावसाळा ओसरताना शाळू पेरतात, आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर व हिवाळ्यातील दवावर तो पोसतो. पावसाने दगा दिला तरी काही ना काही पदरात टाकणारे पीक म्हणून गोरगरिबांनी त्यास जवळ केले, आणि गरिबांचे अन्न म्हणून शहरच्या सुखवस्तू घरांनी त्यास हळूहळू दूर केले. भाकरीच्या जागी गव्हाची पोळी आली, पोळीच्या जोडीला पांढराशुभ्र भात वाढला. आणि अलीकडे तीच भाकरी पथ्याचे अन्न म्हणून वैद्यकीय सल्ल्याने त्याच घरांत परत येत आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळल्यापासून तर तिला सभासंमेलनांतूनही मान मिळू लागला आहे.

हा मान तिला मिळावा यात वावगे काही नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने आणि सुमारे चार मिलिग्रॅम लोह असते. तेवढ्याच सडलेल्या तांदळात प्रथिने सुमारे आठ ग्रॅम, आणि लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही. शिवाय ज्वारी गिरणीतून येते ती कोंड्यासकट येते. तांदळाची गोष्ट निराळी. यंत्रावर पॉलिश होताना त्याचा जो तांबूस पापुद्रा जातो त्याबरोबर ब-वर्गातील जीवनसत्त्वांचा मोठा वाटा जातो. उरलेल्यांपैकी काही तांदूळ धुताना आणि काही भात वेळताना पेजेबरोबर निघून जातात. सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा विकार जडतो आणि कोंडा घातला म्हणजे तो हटतो, हे आइकमान या डच डॉक्टरांनी गेल्या शतकाच्याही आधी जावा बेटात पाहिले होते, आणि त्याबद्दल १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटाही मिळाला. तरीही पांढऱ्या भाताची प्रतिष्ठा कमी झालेली दिसत नाही. अन्नाच्या रंगावरून त्याची जात ठरविण्याची खोड मनुष्यास फार जुनी आहे.

परंतु एवढ्यावरून भाकरी म्हणजे आरोग्य असे समीकरण मांडणे धाडसाचे होईल. हा भ्रम दूर करण्यास दोन हकीकती उपयोगी पडतात. दोन्ही हिंदुस्थानातल्याच आहेत, आणि एकमेकींच्या विरुद्ध आहेत असा प्रथमदर्शनी भास होतो.

पहिली हकीकत निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथली. तेथे रॉबर्ट मॅककॅरिसन हे लष्करी वैद्यकीय खात्यातील डॉक्टर आहारासंबंधी प्रयोग करीत. या देशातील निरनिराळ्या प्रांतांच्या लोकांची अंगकाठी इतकी भिन्न का, हा प्रश्न त्यांना पडला होता. वंश आणि हवापाणी ही उत्तरे त्या काळी सर्वांच्या तोंडी होती. मॅककॅरिसन यांनी एकाच जातीची, सारख्याच वजनाची पांढरी उंदरांची पिले घेतली, त्यांचे गट पाडले, आणि प्रत्येक गटास एकेका प्रांताच्या लोकांचे जेवण दिले. पिंजरे सारखे, हवा सारखी, पाणी सारखे. फरक केवळ ताटाचा. काही महिन्यांनी वजने घेतली तेव्हा शिखांच्या जेवणावरील उंदीर सरासरी २३५ ग्रॅम भरले, पठाणांच्या जेवणावरील २३०, मराठ्यांच्या २२५, गुरख्यांच्या २००, कानड्यांच्या १८५, बंगाल्यांच्या १८० आणि मद्राशांच्या जेवणावरील अवघे १५५. १९३६ साली लंडन येथे दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी आहार आणि राष्ट्राचे आरोग्य यांसंबंधीचा आपला सारा अनुभव मांडला.

मराठी श्रोत्यास या यादीतील तिसरा क्रमांक ऐकून समाधान वाटणे स्वाभाविक आहे. पण त्यात अभिमान धरण्यासारखे फारसे नाही. प्रयोग मराठ्यांचा नव्हता, मराठी ताटाचा होता, आणि तेही चांगल्या भरलेल्या ताटाचा. प्रत्येक प्रांतात श्रीमंताचे ताट आणि मजुराचे ताट यांत जे अंतर असते ते दोन प्रांतांतील अंतराहून पुष्कळदा मोठे असते. मिरजेसारख्या गावात तर मराठी आणि कानडी ताटे एकाच भिंतीच्या दोन बाजूंना वाढली जातात आणि दोहोंतही भाकरी असते. तेव्हा प्रांताच्या नावाने भांडण्यात काहीच हशील नाही. पाहण्यासारखे ते निराळेच. यादीच्या शिरोभागी असलेल्या शिखांच्या जेवणात सबंध धान्याची रोटी होती. पण रोटीबरोबर दूध होते, तूप होते, डाळ होती, भाजीपाला आणि फळे होती. तळाशी असलेल्या जेवणात धुतलेला सडीक तांदूळ होता, आणि त्याच्या सोबतीला दूध, डाळ व पालेभाजी ही अगदी नावापुरती होती.

याच संशोधकांनी आणखी एक गट केला होता, आणि त्याची हकीकत यादीपेक्षाही बोलकी आहे. या गटाला त्यांनी इंग्लंडातील गरीब वस्तीचे अन्न दिले: पांढरा पाव, कृत्रिम लोणी, साखर घातलेला चहा, मुरंबा, डब्यातले मांस आणि फार शिजवलेली भाजी. ते उंदीर खुरटले, आजारी पडले. इतकेच नव्हे तर त्यांचा स्वभाव पालटला. रखवालदारांना ते चावू लागले, आणि दोनएक महिन्यांच्या सुमारास आपल्यातील दुर्बळांना मारून खाऊ लागले. उंदरावरून माणसाचा निवाडा जपून करावा हे खरेच. तथापि सकाळी पाव आणि गोड चहा, दुपारी बिस्किटे आणि गोड चहा, असा ज्या घरांतील मुलांचा दिवस जातो त्या घरांनी ही हकीकत एकदा तरी वाचावयास हरकत नाही.

दुसरी हकीकत भाकरीच्या अभिमान्यांना अप्रिय वाटणारी आहे. पेलाग्रा नावाचा एक रोग आहे. त्यात उन्हात उघडा राहणारा भाग, हातांचे मागचे अंग, मान, पावले, येथील कातडी काळवंडते व फुटते. मग जुलाब लागतात, आणि शेवटी बुद्धीस भ्रम होतो. युरोपात आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर राहणाऱ्या गरिबांना तो होई. पुष्कळ काळ तो संसर्गजन्य समजला जात असे. अन्नातील उणिवेने तो होतो हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ नंतरच्या काळात दाखविले, आणि ती उणीव निकोटिनिक आम्लाची, म्हणजे ब-वर्गातील एका जीवनसत्त्वाची, हे १९३७ साली निश्चित झाले. आता दख्खनच्या पठारावर मका मुख्य अन्न नव्हता. तरी येथेही हे रोगी आढळू लागले. कुन्नूरची प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेस हलली, आणि तेथील डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास असे दाखविले की हे रोगी बहुतेक ज्वारीवर राहणारे आहेत.

हे कोडे विलक्षण होते, कारण ज्वारीत ते जीवनसत्त्व मक्याप्रमाणे बंदिस्त नसते. ज्वारीच्या प्रथिनांत ल्युसिन नावाचा एक घटक प्रमाणाबाहेर असतो, आणि त्यामुळे शरीराच्या आतील कारभारात बिघाड होतो, असा त्या संशोधकांचा तर्क होता. पुढे त्यावर बराच वाद झाला. पण एका गोष्टीविषयी वाद नव्हता. रोग ज्वारी खाणाऱ्या सर्वांना होत नव्हता. ज्यांच्या पोटात भाकरीवाचून दुसरे जवळजवळ काही जात नव्हते त्यांनाच तो होत होता. ज्याच्या घरी गाय-म्हैस होती, डाळ होती, त्याची तीच ज्वारी निरुपद्रवी होती.

दोन्ही हकीकती जवळ ठेवल्या म्हणजे भासणारा विरोध मावळतो. मराठी ताटाने उंदीर पोसले ते भाकरीच्या एकटीच्या बळावर नव्हे; आणि पेलाग्रा झाला तो भाकरीच्या दोषापेक्षा तिच्या एकटेपणामुळे झाला. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाच्या आवश्यक घटकाची तूट असते. तूर, मूग, मटकी, हुलगे, हरभरा या सर्व डाळी-कडधान्यांत तोच घटक विपुल असतो. उलट कडधान्यांत जो घटक कमी पडतो तो धान्यात मिळतो. भाकरी आणि पिठले, भाकरी आणि उसळ, भाकरी आणि हुलग्याचे माडगे ही जोडपी कोणा रसायनशास्त्रज्ञाने जुळविलेली नाहीत, पण रसायनशास्त्राने ती तपासली तेव्हा त्यांत खोट निघाली नाही. ठेच्याची गोष्ट वेगळी. ठेचा भाकरी घशाखाली उतरवितो आणि हिरव्या मिरचीतील थोडेसे क जीवनसत्त्वही देतो, पण उसळीची जागा तो घेऊ शकत नाही. ताटात तो असावा, पण एकटा नसावा.

दुधाताकाचेही असेच. ब-बारा हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात मिळत नाही. मांसमासळी आणि अंडी न खाणाऱ्या घरांत ते दूध, दही, ताक यांतूनच यावयाचे. वाटीभर दही घुसळून घागरभर केलेल्या ताकाने तहान भागते. ही गरज मात्र भागत नाही. कॅल्शियमकरिता मात्र भरड धान्यांतही एक आधार आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तितक्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. ते शरीरास दुधातल्याइतके सुलभतेने मिळत नाही एवढेच. तेव्हा मुलांस नाचणीची आंबील द्यावी, पण ती दिली म्हणून त्यांचे दूध बंद करू नये.

आता लोहाकडे वळावे. कारण येथे प्रश्न केवळ ताटात काय आहे याचा नसून ताट कोणाचे आणि केव्हाचे, याचाही आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ स्त्रियांचे रक्त कमी आढळले. त्याच्या आधीच्या पाहणीत हेच प्रमाण शेकडा ४८ होते. म्हणजे मधल्या काळात ते वाढले. सर्वच दोष अन्नाचा नव्हे. जंत, वारंवारची बाळंतपणे, इतर दुखणी यांचाही वाटा त्यात असतो. परंतु अन्नाचा वाटा मोठा आहे, आणि तो जेथे दडलेला असतो ती जागा म्हणजे घरातील शेवटची पंगत. पुरुष जेवले, मुले जेवली, पाहुणा आलाच तर तोही जेवला, म्हणजे उसळीच्या पातेल्यात रस उरतो, पालेभाजी संपलेली असते, आणि भाकरी मात्र उरलेली असते. गृहिणी ती रसाशी खाते, आणि लगेच चहाचा पेला घेते. सुशिक्षित घरांतही हा क्रम अद्याप पुरता बदललेला नाही.

यात दोन चुका एकावर एक पडतात. धान्य आणि पाला यांतील लोह शरीरात सहजासहजी शिरत नाही. धान्याच्या कोंड्यातील फायटेट नावाचे द्रव्य त्यास अडवून धरते. क जीवनसत्त्व ही अडवणूक सोडविते. लिंबाची फोड, पेरूची चकती, आवळ्याचे ताजे लोणचे, वरून पेरलेली कच्ची कोथिंबीर, यांपैकी काही घासाबरोबर असले म्हणजे त्याच भाकरीतले लोह अधिक प्रमाणात अंगी लागते. चहाचे कार्य याच्या नेमके उलट: त्यातील तुरट द्रव्ये लोहाला बांधून टाकतात. जेवण आणि चहा यांत तासा-दीड तासाचे अंतर ठेवण्यास खर्च काहीच नाही. मोडे आणलेल्या मटकीची गोष्टही अशीच. मोड आणताना फायटेटचा काही भाग नाहीसा होतो आणि क जीवनसत्त्व नव्याने तयार होते. मिरजेकडील बायका मटकीला मोड आणतात ते चवीकरिता. फायदा आपोआप होतो. चाकवत, आंबट चुका, पोकळा, हरभऱ्याचा कोवळा पाला या स्वस्त भाज्यांविषयी शहरी घरांत जी उदासीनता दिसते ती मात्र अनाकलनीय आहे. बाजारात दोन पैसे अधिक देऊन हिवाळ्यातही दुधी आणि कोबीच घरी आणणाऱ्याची गणना काटकसरी माणसांत होऊ शकत नाही.

उसाच्या मुलखात साखरेविषयी बोलणे म्हणजे यजमानाच्या घरी बसून त्याच्या स्वयंपाकास नावे ठेवण्यासारखे आहे. पण ते टळत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले त्यांप्रमाणे देशात मधुमेहाचे रोगी दहा कोटींहून अधिक आहेत, आणि त्या रोगाच्या उंबरठ्यावर उभे असलेले तेरा कोटींहून अधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाकाठी पन्नास ग्रॅमच्या आत असावी, आणि पंचवीस ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक चांगले. दोन चमचे साखरेचा चहा चार वेळा घेणारा मनुष्य गोडाधोडास न शिवताही ही दुसरी मर्यादा ओलांडतो. साखरेऐवजी गूळ घेतला म्हणजे मोकळीक मिळते ही समजूत कोल्हापूर-सांगलीकडे फार प्रिय आहे. गुळात थोडे क्षार असतात हे खरे, परंतु रक्तातील साखर वाढविण्याच्या कामी तो साखरेचा सख्खा भाऊ आहे. तीच गोष्ट भाकरीची. ज्वारीच्या आणि तांदळाच्या उष्णांकांत फारसे अंतर नाही. मधुमेही माणसास भाताऐवजी भाकरी सांगितली म्हणजे त्याने पहिल्यासारखीच पोटभर, दोनाच्या चार खाव्यात असा तिचा अर्थ नसतो. भाकरी एक कमी होऊन तिच्या जागी उसळ आणि भाजी वाढावी असा असतो. पथ्य सांगितले जाते ते अर्धे, आणि पाळले जाते ते त्याच्याही अर्धे.

मिरजेच्या आरोग्याच्या इतिहासात क्षयरोगाला वेगळे स्थान आहे. गावाजवळ वानलेसवाडी येथे क्षयरोग्यांकरिता आरोग्यभवन उभारले गेले तेव्हा या रोगावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला तो १९४३ साली. त्या दिवसांत जगातील सर्वच आरोग्यभवनांची भिस्त तीन गोष्टींवर असे: विश्रांती, मोकळी हवा आणि सकस अन्न. औषधे निघाली, रोगी घरच्या घरी बरे होऊ लागले, आणि मग या तिसऱ्या गोष्टीचा विसर पडला. औषधाने जंतू मरतो एवढे पुरेसे वाटू लागले. पण ज्या घरात एकाला क्षय झाला त्या घरातील बाकीच्यांचे काय, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

त्याचे उत्तर झारखंडातून आले. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ ते २०२२ या काळात क्षयरोग्यांच्या घरच्या दहा हजारांहून अधिक माणसांवर एक प्रयोग केला. काही घरांत केवळ रोग्यास शिधा दिला. इतर घरांत रोग्याबरोबर घरच्या प्रत्येक प्रौढ माणसासही महिन्यास पाच किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ, व त्याबरोबर जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. मुलांना याच्या निम्मे. दुसऱ्या प्रकारच्या घरांत नव्याने क्षय होणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या प्रकारच्या घरांपेक्षा शेकडा ३९ ने कमी भरले, आणि ज्या फुफ्फुसाच्या क्षयाचा इतरांस संसर्ग होतो त्याचे प्रमाण शेकडा ४८ ने कमी भरले. हे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. शिधा म्हणून जे दिले त्यात परदेशी टॉनिक नव्हते, महागडी पूड नव्हती. तांदूळ त्या घरांत थोडाफार आधीही होता. पण तांदळाशेजारची डाळ फारशी नव्हती, आणि पोटभर असे काहीच नव्हते.

क्षयरोग्यास आहाराकरिता सरकारकडून मिळणारी मदत २०१८ पासून महिना पाचशे रुपये होती. नोव्हेंबर २०२४ पासून ती हजार रुपये झाली. ती रोग्याच्या नावाने मिळते. मिरजेस येणाऱ्या गाठोड्यातील भाकरी मात्र एकट्या रोग्याची कधीच नसते. ती सोडली की पायथ्याशी बसलेली बायको, म्हातारी आई आणि बरोबर आणलेले पोर अशी सर्वच त्यातून खातात, आणि डाळ असलीच तर ती अगोदर रोग्यास वाढली जाते.